उत्तर आलं काय? ऑनलाइन गप्पांत रमणाऱ्यांची पार्श्वभूमी

बेळगावातल्या शहापूरच्या आमच्या घरात तेव्हा कॉम्प्युटर होता, पण नेट नव्हतं. टिळकवाडीतल्या सायबर कॅफेत जाऊन मराठी संकेतस्थळावरची चर्चा फ्लॉपीवर उतरवून आणायची, रात्री घरी वाचायची, उत्तर वहीत लिहायचं आणि दुसऱ्या दिवशी परत जाऊन टाइप करायचं. चार ओळींसाठी दोन खेपा. आई स्वयंपाकघरातून हाक मारायची, "काय वाचुलालास रे एवढं? भात गार झाला की!"

एवढा वेळ माणसं तिथं का घालवतात, याला सरसकट 'व्यसन' म्हटलं जातं. मला तो शब्द अपुरा वाटतो.

फोनवरून कॉम्प्युटर जोडून निरोप लिहायचा-वाचायचा, असा या गप्पांचा पहिला फलक १९७८च्या फेब्रुवारीत अमेरिकेत शिकागोला सुरू झाला. हिमवादळानं घरात अडकलेल्या वॉर्ड क्रिस्टेन्सननं रँडी स्यूसच्या साथीनं तो उभारला. फोनची लाइन एकच. आतल्यानं निरोप वाचून, आपला लिहून लाइन सोडली की दुसऱ्याचा नंबर लागायचा. पुढं १९८०मध्ये ड्यूक विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांच्या खटपटीतून युजनेट सुरू झालं आणि विषयवार चर्चा विद्यापीठा-विद्यापीठांतून फिरू लागल्या. पत्र एकाला जातं. इथं प्रश्न सगळ्यांपुढं ठेवायचा, ज्याला ठाऊक असेल तो सांगेल. उत्तर कोण देणार आणि कधी, हे लिहिणाऱ्याला माहीत नसतं.

ओढ या अनिश्चिततेतच आहे. मानसशास्त्रज्ञ स्किनर यांनी कबुतरांवर केलेल्या प्रयोगांत दिसलं, की चोच मारल्यावर दाणा कधी मिळेल याचा नेम नसला, तर पक्षी चिकाटीनं चोच मारत राहतो. फोन पुन्हापुन्हा का उघडला जातो, ते यातून कळतं. पण अनोळखी माणसाच्या प्रश्नाला कुणी रात्री बारा वाजता पानभर उत्तर का लिहितं, ते कळत नाही.

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ला खुलं झालं. १९९६मध्ये मायबोली हे मराठी संकेतस्थळ सुरू झालं. सुरुवातीला मराठी बरीचशी रोमन अक्षरांत लिहिली जाई. युनिकोड, म्हणजे सगळ्या कॉम्प्युटरवर अक्षरं सारखी दिसण्याची पद्धत, रुळल्यावर देवनागरी सोपी झाली, २००४मध्ये मनोगत हे संकेतस्थळ आलं, २००७मध्ये मिसळपाव. २०१६नंतर डेटा स्वस्त झाला आणि बरीच मंडळी व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपांवर गेली.

आमच्या भागात या ओढीला आणखी एक कारण आहे. १९४६च्या बेळगाव साहित्य संमेलनात, माडखोलकर अध्यक्ष असताना, संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला. दहा वर्षांनी, १ नोव्हेंबर १९५६ला, बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेलं. सीमाप्रश्नावरच्या महाजन आयोगाचा अहवाल १९६७चा, महाराष्ट्राचा सर्वोच्च न्यायालयातला दावा २००४चा. एवढ्या काळात दोन पिढ्या मोठ्या झाल्या. जमिनीचा उतारा कन्नडमध्ये, बसची पाटी कन्नडमध्ये. मराठी उरली घरात, शाळेत, वर्तमानपत्रात आणि १८४८पासूनच्या सार्वजनिक वाचनालयात. कडोली, येळ्ळूर, उचगाव या आसपासच्या गावांतली साहित्य संमेलनं जिवाभावाची, पण ती वर्षातून एकदा, आणि बहुतेकांच्या वाट्याला श्रोत्याची जागा. आपण लिहिलेली मराठी कुणी वाचावी, तिच्यावर कुणी भांडावं, अशी रोजची जागा नव्हती. ती पडद्यावर मिळाली. दिवसभर कन्नडमधला अर्ज दुसऱ्याकडून भरून घेणारा माणूस रात्री तिथं हक्कानं लिहीत होता, आणि पुण्याचा किंवा दुबईचा मराठी माणूस त्याला उत्तर देत होता. त्या वेळेचा हिशेब मी कधी वाया गेलेल्या तासांत मांडला नाही.

एकदा ओघात 'करुलालोय' लिहून गेलो. लगेच कुणीतरी विचारलं, ही कुठली मराठी? मी वहीत दोन पानं खरडली. 'जाऊलालोय', 'येऊलालाय' आम्ही कसं म्हणतो, कन्नडशेजारी राहून आमच्या बोलीला कसा हेल आलाय, सगळं लिहिलं. दुसऱ्या दिवशी ते टाइप करायला तासभर लागला. तिसऱ्या दिवशी कॅफेत गेलो तेव्हा खाली एक ओळ आली होती. लिहिणारी बाई अमेरिकेत राहणारी, माहेर बेळगावजवळच्या खानापूरचं: "आमची आज्जी अस्संच बोलायची. अजून लिहा."