कॅन्सरच्या रुग्णाची वाटी

कर्करोगाच्या वॉर्डात शिकायला आलेल्या आहारतज्ज्ञाला पहिल्याच दिवसापासून एक प्रश्न विचारावा लागतो: "कालपासून आतापर्यंत काय काय खाल्लं?" जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या नातेवाइकांचं उत्तर बऱ्याचदा असं असतं: "खातात ना! दोन वाट्या डाळीचं पाणी घेतलं, नारळपाणी घेतलं, थोडी पेज घेतली." आता ही वाटी केवढी? घरातली वाटी १०० मिलिलिटरची असते, तशी २०० चीही असते. म्हणून मापाची वाटी जवळ ठेवायची, ती समोर धरायची आणि विचारायचं, "ही भरून, की अर्धी?" वाढलं किती, याला महत्त्व नाही. गिळलं किती, ते लिहायचं.

मग हिशेब मांडायचा. उपचार चालू असताना रुग्णाला दर किलो वजनामागे रोज २५ ते ३० कॅलरी आणि १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं लागतात. म्हणजे ५० किलोच्या माणसाला साधारण १२५० ते १५०० कॅलरी आणि ६० ते ७५ ग्रॅम प्रथिनं. डाळीच्या वरच्या पाण्यात १०० मिलिलिटरला फार तर ३० कॅलरी येतात. डाळ खाली राहते, पाणी पोटात जातं आणि पोट भरल्यासारखं वाटतं. नातेवाईक मनापासून करत असतात, हलकं म्हणून देत असतात. पण रुग्ण त्यांच्या डोळ्यांदेखत उपाशी राहतो.

६८ ग्रॅम प्रथिनं घरच्या जिनसांतून कशी येतात ते पाहा. अर्धा लिटर दूध १६, दोन अंडी १२, ६० ग्रॅम तूरडाळ १३, १०० ग्रॅम कळण्याचं (ज्वारी आणि उडीद एकत्र दळलेलं) पीठ १३, मूठभर म्हणजे ३० ग्रॅम शेंगदाणे साडेसात, २० ग्रॅम दूध पावडर ७. अंडी चालत नसतील तर पनीर किंवा सोयाबीनचं पीठ वाढवावं. कळण्याची तर खास शिफारस करावीशी वाटते. दादर ज्वारीत लायसिन हे अमिनो आम्ल (प्रथिनांचा एक घटक) कमी असतं, उडदात ते भरपूर असतं; उडदात मिथिओनिन कमी, ते ज्वारी पुरवते. दोन्ही एकत्र दळण्याची आपली पद्धत शास्त्राला धरूनच आहे.

अडचण भाकरीच्या पोताची आहे. तंबाखू-गुटख्यामुळे तोंडाचे आणि घशाचे कर्करोग आपल्याकडे फार. त्यांना रेडिएशन साधारण सहा-सात आठवडे, आठवड्यातून पाच दिवस चालतं. तोंडाच्या आतलं अस्तर एक-दोन आठवड्यांत नवं होत असतं, आणि रेडिएशनचा मार अशा भराभर वाढणाऱ्या पेशींवरच जास्त बसतो. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून तोंड सोलवटतं, लाळ आटते, चव जाते. अशा तोंडात भाकरीचा पापुद्रा काचेसारखा टोचतो. मिरचीचं तर विचारूच नका. मिरचीतलं कॅप्सेसिन चेतातंतूंवरच्या ज्या ग्राहकाला (रिसेप्टरला) चिकटतं, तोच चटक्याची जाणीव करून देतो. या ग्राहकाच्या शोधाला २०२१ च्या वैद्यकाच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला. अस्तर गेलं की हे तंतू उघडे पडतात. ठेचा, काळा मसाला आणि शेवभाजीचा रस्सा तेवढ्या दिवसांपुरता बंद. भरीत मऊ असलं तरी हिरवी मिरची आणि कच्चा कांदा न घालता, दही मिसळून द्यावं. मात्र वांग्यात प्रथिनं नगण्य असतात, त्यामुळे सोबत घोटलेली उडदाची डाळ हवीच. उडदाच्या बुळबुळीतपणामुळे घास सरकतोही बरा. फुनके (डाळीचे वाफवलेले मुटके) कढीत पूर्ण भिजवून, कुस्करून देता येतात. खाण्याआधी आणि नंतर कोमट पाण्यानं गुळण्या कराव्यात: एक लिटर पाण्यात एक चहाचा चमचा मीठ आणि एक चमचा खाण्याचा सोडा. फोडणीच्या वासानं मळमळत असेल तर रुग्णाला स्वयंपाकघरापासून लांब बसवावं आणि जेवण गार करून द्यावं. गार अन्नाला वास कमी येतो.

गिळणंच बंद झालं की नाकातून नळी घालतात, आणि डाळीच्या पाण्याची चूक इथे सर्वांत महाग पडते. पेज पातळ केली तर कॅलरी पुरत नाहीत, घट्ट केली तर नळीतून उतरत नाही. स्टार्च शिजताना पाणी शोषून फुगतो, म्हणून असं होतं. यावर उत्तम उपाय म्हणजे मोड आलेल्या गव्हाचं पीठ. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात आहारशास्त्रज्ञ तारा गोपालदास यांनी लहान मुलांच्या आहारासाठी यावर काम केलं होतं. मोड येताना धान्यात अमायलेज हे विकर (एन्झाइम) तयार होतं. ते स्टार्चच्या लांब साखळ्या तोडतं आणि घट्ट पेज पाच-दहा मिनिटांत वाहू लागते, कॅलरी मात्र तेवढ्याच राहतात.

गहू १२ तास भिजवून, फडक्यात बांधून एक-दोन दिवस मोड आणावेत, कडक वाळवून, अगदी हलके भाजून दळावेत. जास्त भाजले तर विकर मरतं. ज्वारीला मोड आणून हे करू नये: तिच्या कोंबात धुरिन असतं आणि त्यापासून सायनाइड सुटतं. एका वेळेसाठी ४० ग्रॅम कळण्याचं पीठ पाण्यात शिजवावं. अख्ख्या उडदाची सालं नळी तुंबवतात, म्हणून पीठ आधी बारीक चाळणीनं चाळावं. उकळी थांबली, पण चटका बसेल इतकं गरम आहे, तेव्हा चमचाभर मोडाचं पीठ घालून ढवळावं. पेज सैल झाली की पुन्हा दोन मिनिटं उकळावी, जंतूंची भीती राहत नाही. मग १५० मिलिलिटर तापवलेलं दूध आणि चमचाभर तेल घालून मलमलीतून गाळावी. सगळं मिळून २५० मिलिलिटर व्हावं. यातून पावणेतीनशेच्या आसपास कॅलरी आणि सुमारे १० ग्रॅम प्रथिनं मिळतात. दिवसातून सहा वेळा दिलं की ५० किलोच्या रुग्णाची गरज भागते. मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर मापं आहारतज्ज्ञाकडून बदलून घ्यावीत.

नळीतून देताना डोकं आणि पाठ उशीनं वर उचलून ठेवावी आणि नंतर अर्धा-पाऊण तास तशीच राहू द्यावी, नाहीतर अन्न फुप्फुसात जाऊ शकतं. सिरिंजचा दट्ट्या काढून अन्न आपोआप उतरू द्यावं. आधी आणि नंतर ३० मिलिलिटर पाणी सोडावं. लिंबू दुधात घालू नये, दूध फाटून नळी बंद पडते. गोळ्यांची पूड वेगळ्या पाण्यातून द्यावी, तीही डॉक्टरांना विचारूनच. काही गोळ्या कुटायच्या नसतात. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ च्या घरात जातो. त्या दिवसांत केलेलं अन्न तासाभरात संपवावं.

आठ-दहा दिवस जवळपास उपाशी राहिलेल्या माणसाला मात्र एकदम पूर्ण आहार देऊ नये. रक्तातलं फॉस्फेट आणि पोटॅशियम झपाट्यानं उतरून हृदयाचे ठोके बिघडू शकतात. अशा वेळी डॉक्टरांच्या देखरेखीत सुरुवात दर किलोमागे १० कॅलरींच्या आसपास करतात.

"साखरेनं गाठ वाढते" म्हणून गोड, भात, केळं सगळं बंद केलेले रुग्णही येतात. कर्करोगाच्या पेशी ग्लुकोज जास्त खेचतात, हे जर्मन शास्त्रज्ञ ओटो वॉरबर्ग यांनी १९२० च्या दशकातच दाखवलं होतं. पण ताटातून साखर काढली तरी रक्तातलं ग्लुकोज शून्य होत नाही. यकृत स्नायूंमधली प्रथिनं वापरून ते बनवतं. गाठ तशीच राहते आणि दंड-मांड्या वितळतात. रावेर-यावलची केळी घरात असताना रुग्णाला त्यांपासून तोडू नये. साल धुऊन घ्यावी, दुधात कुस्करावं.

वजन दर आठवड्याला एकाच वारी, एकाच काट्यावर, सकाळी घ्यावं. ५० चं साडेसत्तेचाळीस झालं म्हणजे पाच टक्के गेलं, आणि तेवढ्यावर आहारतज्ज्ञाला गाठायचं. डोक्या-मानेच्या रेडिएशनसाठी चेहऱ्यावर बसवलेला जाळीचा मास्क रुग्णाच्या मापानं घडवलेला असतो. चेहरा उतरला की तो सैल होतो, किरण नेमक्या जागी पडत नाहीत आणि मोजमाप पुन्हा करावं लागतं. मास्क हलतोय असं वाटलं तर त्याच दिवशी टेबलावरून उठण्याआधी तंत्रज्ञाला सांगावं.