ग्रिलवरचा पिवळा गुलाब

श्रावणात पिवळ्या वेलगुलाबाचं एक पान तोडून हातात घ्या. त्यावर काळा ठिपका असेल तर त्याची कड नीट गोल नसते. कागदावर शाई फुटावी तशी ती झालरीसारखी पसरलेली असते. भोवतालचं पान पिवळं पडतं, दोन-चार दिवसांत गळतं, आणि कुंडीत पानांचा सडा पडतो. आपण म्हणतो, पाऊस सोसला नाही झाडाला. पण त्याच गॅलरीतला जुना गावठी गुलाब त्याच पावसात बऱ्यापैकी तग धरून असतो.

याचं मूळ त्या पिवळ्या रंगातच आहे. एकोणिसाव्या शतकात युरोपात फिके पिवळे गुलाब होते, पण पुन्हा पुन्हा फुलणारा झळझळीत पिवळा नव्हता. तो रंग इराणकडून आलेल्या 'पर्शियन यलो' या गुलाबात होता. फ्रान्समधल्या लिऑनच्या जोसेफ पेर्ने-द्यूशे यांनी अनेक वर्षं खपून त्याचा संकर केला आणि 1900 मध्ये 'सोलेल दॉर' ही जात आणली. आजच्या बहुतेक गडद पिवळ्या गुलाबांत तेच रक्त आहे. पण हा पूर्वज कोरड्या हवेतला. काळ्या ठिपक्यांच्या बुरशीपुढे त्याचा टिकाव लागत नाही, आणि रंगाबरोबर हा दुबळेपणाही वारशात आला.

या बुरशीचे बीजाणू पाण्याच्या शिंतोड्यांबरोबर उडतात आणि पान साधारण सात तास सलग ओलं राहिलं की आत शिरतात. वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस झेलणाऱ्या मुंबईत तिला आणखी काय हवं! म्हणून माझा आग्रह औषधाच्या बाटलीपेक्षा जागेवर असतो. कुंडी पूर्वेच्या गॅलरीत ठेवा, म्हणजे सकाळचं ऊन पानं लवकर सुकवतं. पाणी मुळाशी घाला, पानांवर नको. गळलेलं पान रोज उचला आणि खताच्या डब्यात न टाकता कचऱ्यात द्या. कुंडी मात्र मोठी हवी, अठरा इंचांपेक्षा लहान नको, आणि तळाची भोकं मोकळी हवीत.

आता वेलीकडे वळू. गुलाबाला काकडीसारखे ताणे नसतात, मधुमालतीसारखा तो गुंडाळतही नाही. त्याच्याकडे असतात ते वाकडे काटे, आणि तेही आतल्या लाकडातून आलेले नसतात. अंगठ्याने काटा आडवा दाबा, तो टचकन सुटतो आणि साल फक्त थोडी खरवडल्यासारखी दिसते. रानात या आकड्यांनी फांदी शेजारच्या झुडपात अडकून वर जाते. आपल्या ग्रिलवर तिला सुतळीने बांधावंच लागतं. सुतळीचा इंग्रजी आठच्या आकड्यासारखा सैल फास घाला, म्हणजे फांदी जाड झाल्यावर ती काचत नाही.

बांधताना फांदी आडवी वाकवा, ही सगळ्यात मोलाची गोष्ट. उभ्या फांदीच्या शेंड्यातून ऑक्सिन नावाचं संप्रेरक खाली उतरतं आणि खालच्या डोळ्यांना, म्हणजे फांदीवर जिथून नवा फुटवा येतो त्या जागांना, फुटू देत नाही. फुलं मग फक्त टोकाला, वरच्या मजल्यावरच्यांना दिसतील अशी! तीच फांदी आडवी केली की शेंड्याची सत्ता ढिली पडते, डोळ्याडोळ्यातून फुटवे येतात आणि प्रत्येक फुटव्यावर कळी धरते. आपल्या खिडक्यांच्या ग्रिलचे आडवे गज यासाठीच केल्यासारखे आहेत. कोवळी, हिरवी असतानाच फांदी हळूहळू वाकवा. जून झाली की ती मोडते.

छाटणी कोजागिरीच्या आसपास, पाऊस पूर्ण थांबल्यावर करा. झुडपी गुलाबासारखी सरसकट कापणी इथे नको. मुख्य फांद्या ठेवा, आडव्या फुटव्यांचे फक्त दोन-तीन डोळे ठेवून बाकीचं कापा. मेलेलं, तपकिरी पडलेलं लाकूड मात्र हिरव्या पेऱ्यापर्यंत काढून टाका. मग शेणखत, मूठभर निंबोळी पेंड, आणि सुमारे दीड महिना वाट पाहणं.

फूल आलं की एक छोटा प्रयोग करा. एका वाटीत कोमट पाणी आणि लाल पाकळ्या, दुसरीत पिवळ्या. लाल वाटीतलं पाणी रंगतं, पिवळ्या वाटीतलं जेमतेम. लाल रंगद्रव्य पाण्यात विरघळतं. पिवळं मात्र गाजरातल्या रंगाच्या जातीचं, कॅरोटिनॉइड, तेलात विरघळणारं. उन्हात ते विटतं, म्हणून पहिल्या दिवशीचं हळदीसारखं फूल तिसऱ्या दिवशी सायीच्या रंगाचं होतं. दुपारी एखाद्या जुन्या ओढणीची सावली केली तर हळद जरा जास्त टिकते.