फुकट शिकवलं की शाळेत नाव लागतं?

‘दोन-तीन वर्षं बिनपगारी शिकव, अनुदान आलं की पगारी पदावर तुझंच नाव लागेल.’ विनाअनुदानित शाळांत डी.एड., बी.एड. झालेल्या मुलामुलींना हे वर्षानुवर्षं सांगितलं जातं. ते खरं नाही. अनुदान शिक्षणाधिकाऱ्यांनी मान्यता दिलेल्या पदाला मिळतं, आणि हजेरीपटावर नावच नसेल तर मान्यता कशाला मिळणार? शिवाय पहिली ते आठवीच्या शिक्षकांसाठी 2013 पासून टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) बंधनकारक आहे, अनुदानित शाळांची शिक्षकभरती 2017 पासून सरकारच्या ‘पवित्र’ या ऑनलाइन भरती पोर्टलवर गेली. नुसती वर्षं भरली म्हणून सरकारी नोकरीत कायम होण्याचा हक्क मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने कर्नाटकातल्या हंगामी कर्मचाऱ्यांच्या उमादेवी प्रकरणात 2006 मध्येच सांगितलं. म्हणून संस्थाचालकांकडे पहिल्याच दिवशी लेखी नियुक्तिपत्र मागा. ते द्यायला टाळाटाळ झाली, तर तिथे एक तासही घेऊ नका.