एन-९५ची फिट टेस्ट: दाढी करून या, चहा नंतर घ्या

दवाखान्यांतून फोन येतो, "पन्नास एन-९५ मास्क पाठवा, कुठलेही चालतील." चालत नाहीत. एन-९५ हा गाळणीचा दर्जा झाला, चेहऱ्याचं माप नव्हे. ०.३ मायक्रॉनचे किमान ९५ टक्के कण ती गाळते, पण हवा तिच्यातून गेली तर. नाकाशेजारी फट राहिली की हवा तिथूनच आत शिरते. टीबी वॉर्डातल्या सिस्टरांना हे सांगायला नको. बारीक चेहऱ्याच्या सिस्टरांना नेहमीचा मास्क हनुवटीखाली ढिला बसतो, त्यांच्यासाठी स्मॉल ठेवतो.

फिट टेस्ट म्हणजे मास्क चेहऱ्यावर फट न ठेवता बसतो का, याची तपासणी. टेस्टला डोक्यावर हूड घालतो आणि आत सॅकरिनचा फवारा मारतो. आधी मास्कशिवाय गोड लागतं का ते बघतो, मग मास्क लावून मान हलवा, वाका, बोला. गोड लागलं की मास्क बदलायचा. चष्मा असेल तर घालूनच या. आधी १५ मिनिटं पाण्याशिवाय काही नको. चहा टेस्ट झाल्यावर आमच्याकडून.

सगळा खोळंबा होतो तो दाढीपायी. नाइट करून आलेले ब्रदर गालावरून हात फिरवत म्हणतात, "कालच केलीय की, घ्या टेस्ट." घेत नाही. मास्कची कड टेकते तिथे एका दिवसाचे खुंटही तिला त्वचेवर बसू देत नाहीत. अशी टेस्ट पास झाली तरी आम्ही सही करणार नाही, मग ऑर्डर गेली तरी चालेल. शाहूपुरीत सलून काही कमी नाहीत, दाढी करून परत या, नंबर राखून ठेवतो. मिशीला हरकत नाही, कोल्हापुरात ती असायचीच. फक्त पीळ दिलेली टोकं कडेखाली येऊ देऊ नका. दाढी ठेवायचीच असेल त्यांना पंख्यावर चालणारा सैल हूड मागवून देतो, महाग पडतो.

रोज घालताना वरचा पट्टा डोक्याच्या मागे उंचावर, खालचा कानांखालून मानेवर. दोन्ही मानेवर घेतले की मास्क घसरलाच. नाकाची पट्टी दोन्ही हातांच्या बोटांनी दाबा. एका हाताने चिमटली तर मधे टोक येतं आणि बाजूला फट पडते. मग दोन्ही तळवे मास्कवर ठेवून जोरात श्वास सोडा. डोळ्यांकडे वारा आला तर पट्टी पुन्हा बसवा.

टेस्ट वर्षातून एकदा घ्या. वजन बरंच कमी-जास्त झालं किंवा कवळी बसवली तर लगेच. दहाजण असतील तर हूड घेऊन आम्हीच दवाखान्यात येतो. टेस्टला वापरलेल्या मास्कचे पैसे लावत नाही. बॉक्सची ऑर्डर टेस्टनंतर द्या, कारण फोडलेला बॉक्स परत घेत नाही.