उथळ समुद्रात आवाजाचा माग

मुंबई हायचं तेलक्षेत्र किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटर आत आहे, तरी तिथं पाणी जेमतेम ७५ मीटर खोल. अशा पाण्यात पाणबुडी शोधणं खोल समुद्रापेक्षा अवघड, कारण आवाज वरच्या पृष्ठभागावर आणि तळावर पुन्हापुन्हा आपटत येतो. ऐकणाऱ्याच्या कानी पडते ती एकमेकांत मिसळलेल्या प्रतिध्वनींची खिचडी.

पाण्यात आवाजाचा वेग किती, हे कोलाडों आणि स्टुर्म यांनी १८२६ मध्ये जिनिव्हा सरोवरात मोजलं: पाण्याखाली घंटा वाजवायची, त्याच क्षणी वर बंदुकीची दारू पेटवायची आणि लांबच्या होडीतून उजेड आणि आवाज यांच्यातला वेळ घड्याळावर पाहायचा. उत्तर आलं सेकंदाला सुमारे १४३५ मीटर. पहिल्या महायुद्धात हायड्रोफोन, म्हणजे पाण्याखालचे मायक्रोफोन, आले. आवाज कोणत्या कानी आधी पोचतो यावरून दिशा कळे. स्रोत किती लांब आणि किती खोल, ते मात्र कळत नसे.

कोडं सुटायला गणित लागलं. चाइम पेकेरिस यांनी १९४८ मध्ये दाखवलं की उथळ पाण्यातला आवाज ठरावीक साच्यांत, म्हणजे ‘मोड’मध्ये विभागून पुढं सरकतो आणि प्रत्येक मोडचा वेग वेगळा असतो. १९७३ मध्ये मेल्विन हिनिच यांनी उभ्या ओळीत टांगलेल्या हायड्रोफोनवरून स्रोताची खोली काढण्याची रीत मांडली. पुढचं पाऊल होमर बकर यांचं, १९७६ चं. स्रोत अमुक अंतरावर, तमुक खोलीवर असता तर प्रत्येक हायड्रोफोनला काय ऐकू आलं असतं, हे सगळ्या शक्य जागांसाठी आधीच मोजायचं. प्रत्यक्ष नोंद ज्या जागेशी सर्वांत जास्त जुळेल, तिथं स्रोत. ज्या प्रतिध्वनींना सगळे अडथळा मानत होते, त्यांच्यातच पत्ता दडलेला होता. मला या साऱ्या इतिहासातली ही सर्वांत सुंदर कल्पना वाटते.

पण ही रीत समुद्राची नेमकी माहिती मागते. पाणी १०० मीटर खोल असताना गणितात १०५ धरलं, तर १० किलोमीटरवरचा स्रोत ११ किलोमीटरच्या आसपास दिसतो. तळाशी गाळ आहे की खडक, वरचं पाणी उन्हानं किती तापलंय, यानंही उत्तर हलतं. म्हणून मे १९९६ मध्ये सॅन डिएगोजवळ सुमारे २०० मीटर पाण्यात जहाजामागून दोन ध्वनिस्रोत ओढले गेले, एक ९ मीटरवर, दुसरा ५४ मीटरवर. त्या नोंदींवर नव्या पद्धती आजही पारखल्या जातात. २०१७ च्या सुमारास न्यूरल नेटवर्कलाही, म्हणजे उदाहरणांवरून शिकणाऱ्या संगणक-प्रणालीलाही, जहाजांच्या आवाजावरून अंतर ओळखायला शिकवलं गेलं. तिथं तळाचं गणित बाजूला राहतं, पण शिकवायला पुरेशा नोंदी हव्यात.

भारतीय नौदलानं उथळ पाण्यातल्या पाणबुडीविरोधी कामासाठी खास नौका बांधायला घेतल्या. त्यांतली पहिली १८ जून २०२५ रोजी विशाखापट्टणमला दाखल झाली. वसईजवळच्या किल्ल्यावरून तिचं नाव ठेवलंय अर्नाळा.