महोत्सव की महिन्याची बैठक? नवा श्रोता घडतो कुठे

शास्त्रीय संगीताला नवे श्रोते मिळवायचे ठरले, की गावोगावी पहिली सूचना येते ती महोत्सवाची. डोळ्यांसमोर असतो पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव, पंडित भीमसेन जोशींनी गुरूंच्या स्मरणार्थ १९५३ साली सुरू केलेला. दुसरी वाट मंडळाच्या दरमहा बैठकीची. तीही जुनीच, कोल्हापूरचा गायन समाज देवल क्लब १८८३ सालचा. दोन्हीकडे गाणंच होतं, त्यामुळे एकाचं काम दुसऱ्याने भागेल असं वाटतं. ते भागत नाही.

फरक सगळ्यात स्वच्छ दिसतो विलंबित ख्यालात, म्हणजे अगदी संथ लयीतल्या गायनात. विलंबित एकतालाचं बारा मात्रांचं आवर्तन, म्हणजे तालाचा एक पूर्ण फेरा, पाऊण मिनिट, कधी त्याहून जास्त चालतं. पहिल्यांदा ऐकणाऱ्याच्या हाती त्यात काहीच लागत नाही. बैठकीत मात्र तो तबल्यापासून दहा फुटांवर बसलेला असतो. ‘धागे तिरकिट धी ना’ हे शेवटचे बोल त्याला सुटे ऐकू येतात, त्याच सुमारास गायक मुखडा, म्हणजे बंदिशीची सुरुवातीची ओळ, उचलतो आणि समेच्या, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेच्या, ‘धिं’वर आजूबाजूच्या चार माना एकदम हलतात. पाच-सहा आवर्तनांनी त्याचीही हलते. सम सापडलेला माणूस पुढच्या महिन्यात परत येतो. महोत्सवात तोच मागच्या रांगेतून गायकाला पडद्यावर बघत असतो. त्यातून कलाकाराला तास-सव्वा तास, म्हणजे आलाप आटोपता घेणं आलंच.

वेळेचंही तसंच. उघड्यावर रात्री दहानंतर ध्वनिवर्धक चालत नाही. सवलतीचे दिवस मोजके. त्यामुळे मांडवात मालकंस, दरबारी असे उशिरा रात्रीचे राग क्वचितच निवांत ऐकायला मिळतात. बंद सभागृहाला ती अडचण नाही. रविवारी सकाळी सातची बैठक ठेवली तर भैरवसारखे सकाळचे राग योग्य प्रहरी कानावर पडतात. तरुण पालक मुलांना घेऊन येतात ते याच वेळी.

पैशाचं गणित तर पुरतं निराळं. महोत्सवाचा खर्च मांडव, ध्वनियंत्रणा, प्रवास, निवास असा एकदम अंगावर येतो आणि तो बहुतांशी प्रायोजकावर असतो. प्रायोजक गेला की महोत्सव बंद. बैठक वर्गणीवर चालते. समजा १२० सभासद, प्रत्येकी २,५०० रुपये: वर्षाला तीन लाख. वर्षात दहा बैठका धरल्या तर एकीला तीस हजार. त्यात गायक, दोन साथीदार, सभागृह आणि चहा बसवायचा. नामवंत दरवेळी परवडणार नाहीत, पण तिशीतले तयारीचे गायक नक्की परवडतात, आणि त्यांनाही दोन तास मोकळेपणी गायची जागा हवीच असते. प्रवेश फुकट ठेवू नये. विद्यार्थ्यांकडून पन्नास रुपये का होईना, घ्यावेत. पैसे दिलेला माणूस वेळेवर येतो.

बैठक बिघडते ती लहान गोष्टींनी. वातानुकूलन ऐनवेळी लावलं की तानपुरा आणि तबला दोन्हींचा सूर हलतो. तानपुरे तासभर आधी त्याच खोलीत आणून ठेवावेत आणि जुळवताना पंखे बंद करावेत. गायकाची पट्टी, म्हणजे तो कोणता सूर ‘सा’ धरून गातो ते, तबलजी आणि पेटीवाल्यांना आधीच कळवावी, म्हणजे योग्य सुराचा तबला बरोबर येतो. साठ माणसांच्या खोलीत गायकाला एक मायक्रोफोन पुरतो. तबल्याला लावलाच तर अगदी हळू. पुढे जाजम, भिंतीलगत पंधरा-वीस खुर्च्या. निवेदन पाच मिनिटं: राग कोणता, ताल कोणता, सम कशी ओळखायची. सत्कार आणि मनोगतं शेवटी किंवा अजिबात नकोत. सुरुवातीची चाळीस मिनिटं भाषणांत गेली की नवखा श्रोता गाणं सुरू होण्याआधीच थकतो.

म्हणून महोत्सव करू नये असं मुळीच नाही. चार-पाच दिग्गज एका दिवसात ऐकायला मिळणं हे मोठं भाग्य आहे, आणि अनेकांची या संगीताशी पहिली भेट तिथेच होते. पण आमच्या मते आधी तीन वर्षं बैठक चालवावी, मग महोत्सवाला हात घालावा. महोत्सवाच्या दारात एक टेबल मांडावं, त्यावर पुढच्या तीन बैठकांच्या तारखा छापलेला कागद ठेवावा आणि येणाऱ्यांची नावं, फोन नंबर त्यांच्या संमतीने लिहून घ्यावेत. पहिली बैठक महोत्सवानंतर पंधरा दिवसांच्या आत हवी. महिना उलटला तर त्या यादीतले फारच थोडे येतात.