ॲमिलिनच्या गुठळ्या व फ्लॅव्होनॉइडे (खानदेशातील वनस्पतींच्या संदर्भात)

दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहात स्वादुपिंडातील लँगरहान्सच्या द्वीपकांत (इन्शुलिन व इतर संप्रेरके बनवणाऱ्या कोशिकांच्या लहान पुंजक्यांत) ॲमिलिन या प्रथिनाच्या तंतुमय गुठळ्या साचतात. वनस्पतींतील फ्लॅव्होनॉइड वर्गाची काही संयुगे हे साकळणे परीक्षानळीत रोखतात वा मंदावतात. जळगाव, धुळे व नंदुरबार या जिल्ह्यांतील काही परिचित वनस्पतींत ही किंवा यांच्या जवळची संयुगे असल्याने त्यांचा विचार येथे केला आहे.

द्वीपकांतील काचेसारखा पदार्थ यूजीन ओपी या अमेरिकन विकृतिवैज्ञानिकाने १९०१ च्या सुमारास नोंदवला. तो कशाचा बनला आहे हे कळायला आठ दशकांहून अधिक काळ गेला. स्वीडनमधील पेर वेस्टरमार्क आणि ऑक्सफर्डमध्ये काम करणारे गार्थ कूपर यांच्या गटांनी १९८६-८७ मध्ये स्वतंत्रपणे त्यातील प्रथिन ओळखले. पहिल्या गटाने त्याला ‘द्वीपक ॲमिलॉइड पॉलिपेप्टाइड’ म्हटले, दुसऱ्याने ‘ॲमिलिन’. अग्रमानाचा, म्हणजे आधी कोणी ओळखले याचा, वाद पुरता मिटलेला नाही; येथे ॲमिलिन हे नाव केवळ सुटसुटीत म्हणून वापरले आहे.

ॲमिलिनमध्ये ३७ ॲमिनो अम्ले असतात. द्वीपकांतील इन्शुलिन बनवणाऱ्या बीटा कोशिका ते इन्शुलिनसोबतच स्रवतात. साकळण्यात २० ते २९ या क्रमांकांच्या पट्ट्याचा मोठा वाटा मानला जातो. उंदराच्या ॲमिलिनमध्ये याच पट्ट्यात २५, २८ व २९ या जागी प्रोलीन असते, आणि प्रोलीन आले की प्रथिनाचे पदर एकमेकांवर नीट बसत नाहीत. त्यामुळे उंदराच्या ॲमिलिनला गुठळी धरत नाही. हेच तीन बदल मानवी ॲमिलिनमध्ये करून प्रॅमलिनटाइड हे मधुमेहावरील औषध तयार झाले. अमेरिकेत त्याला २००५ मध्ये मान्यता मिळाली. गुठळी हे रोगाचे कारण की परिणाम, याबद्दल मतभेद आहेत. तयार तंतूंपेक्षा आधीचे लहान, विरघळलेले पुंजके बीटा कोशिकांना अधिक घातक असावेत, या मताकडे सध्या कल दिसतो.

हिरव्या चहातील एपिगॅलोकॅटेचिन गॅलेट, तसेच मोरिन, मायरिसेटिन, क्वेर्सेटिन ही या संदर्भात अभ्यासलेली प्रमुख फ्लॅव्होनॉइडे. (हळदीतील करक्युमिन या यादीत वारंवार घुसडले जाते; ते पॉलिफिनॉल आहे, फ्लॅव्होनॉइड नव्हे.) ही फ्लॅव्होनॉइडे नेमकी कशी काम करतात यावर दोन मते आहेत. एका मताने शेजारशेजारच्या हायड्रॉक्सिल गटांचे ऑक्सिडीभवन होऊन क्विनोन बनते व ते प्रथिनाच्या ॲमिनो गटाला पक्के जोडले जाते. दुसऱ्या मताने असा पक्का बंध लागतच नाही. चहातील संयुगापुरती तरी मोजमापे दुसऱ्या मताच्या बाजूची आहेत, आणि त्यातला गॅलेट गट काढला की प्रभाव घटतो.

मापनातही एक मेख आहे. गुठळी झाली की नाही हे बहुधा थायोफ्लॅव्हिन-टी या रंजकाच्या चमकेवरून ठरवतात. बरीच फ्लॅव्होनॉइडे स्वतः पिवळी असतात. ती प्रकाश शोषतात, शिवाय तंतूवरची रंजकाची जागाही बळकावतात. चमक उतरली म्हणजे गुठळी अडली, असे धरून चालत नाही. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तंतू पाहावेच लागतात.

सातपुड्यात आढळणाऱ्या विजयसाराच्या (बिबळा, असाणा) लाकडाचे पेले मधुमेही माणसे वापरतात. रात्री पेल्यात भरलेले पाणी सकाळी पिवळसर-तपकिरी होते. उन्हात धरले की कडेला निळी झाक दिसते. याच झाडाच्या सालीतील एपिकॅटेचिन या फ्लॅव्होनॉइडाने अलॉक्सन (बीटा कोशिका नष्ट करणारे रसायन) दिलेल्या उंदरांत बीटा कोशिका पुन्हा वाढतात, असा दावा १९८० च्या दशकाच्या आरंभी झाला. इतर प्रयोगशाळांना तो पडताळता आला नाही. दावा खरा ठरला असता तरी गुठळीबद्दल त्यातून काहीच कळले नसते, कारण साध्या उंदराला गुठळी होतच नाही. अलॉक्सन किंवा तसेच काम करणारे स्ट्रेप्टोझोटोसिन टोचायचे, अर्क पाजायचा आणि साखर मोजायची, या आपल्याकडच्या रुळलेल्या पद्धतीला ही मर्यादा सर्वत्र लागू आहे. मानवी ॲमिलिनचे जनुक घातलेले उंदीरच येथे उपयोगी पडतात. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची विजयसारावरील, १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेली रुग्णचाचणी रक्तशर्करेपुरती आणि खुल्या स्वरूपाची (कोणते औषध दिले जाते हे सर्वांना ठाऊक असलेली) होती.

आहारातील वनस्पतींत कांदा क्वेर्सेटिनसाठी महत्त्वाचा. पण ते सर्वाधिक असते बाहेरच्या पापुद्र्यांत, जे सोलून टाकले जातात. जळगावच्या भरताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. जांभळ्या वांग्याच्या सालीत नासुनिन हे अँथोसायनिन (फ्लॅव्होनॉइड वर्गातील रंगद्रव्य) असते. भरताचे वांगे मात्र फिकट हिरवे, आणि कपाशीच्या काड्यांवर भाजल्यावर त्याची साल काढूनच टाकतात. गरात उरते ते मुख्यतः क्लोरोजेनिक अम्ल, आणि ते फ्लॅव्होनॉइड नव्हे. जांभळाच्या पानांत मायरिसेटिन असते. शेवग्याच्या पाल्यात क्वेर्सेटिन व केम्फेरॉल. होळीच्या रंगासाठी उकळतात त्या पळसफुलांत ब्युट्रिन व आयसोब्युट्रिन ही फ्लॅव्होनॉइडे असतात.

पोटात गेलेल्या फ्लॅव्होनॉइडांपैकी थोडाच भाग रक्तात उतरतो, तोही आतडे व यकृतात ग्लुकुरोनाइड वा सल्फेट रूपात बदलून. परीक्षानळीत वापरतात ते मूळ संयुग द्वीपकांपर्यंत क्वचितच पोचते.